हंबरचं दुसरं बारसं

धारा काढून झाल्या, चरवी झाकून ठेवली, हात पदराला पुसले आणि शालनकाकूंनी रोजच्यासारखं मोबाइलवर ‘हंबर’ उघडलं. समोर जे आलं ते बघून मोबाइल गव्हाणीत पडता पडता वाचला. अख्खा पडदा गुलाबी! वर लांब पापण्यांची, डोळा मारणारी एक गाय, तीही परदेशी. खाली लिहिलेलं, ‘हाय शालन! हंबर आता झालंय मूमी!’

“शालन?” काकू गोठ्यात एकट्याच ओरडल्या. “शालन म्हणायला मी काय हिची वर्गमैत्रीण हाय?”

चारही म्हशींनी माना वळवून पाहिलं. त्यांचं तर त्या नव्या पडद्यावर चित्रसुद्धा नव्हतं.

आता वाचणाऱ्याला वाटेल, ॲपचा रंग बदलला तर एवढं आकाशपाताळ एक करायचं काय कारण? कारण होतं. २०४३ सालातली ही गोष्ट. वारणाकाठच्या कवठाळी गावात हंबरचा पट्टा म्हशीच्या गळ्यात पहिल्यांदा बांधला तो शालन मगदूम यांनी, तेही सात वर्षांपूर्वी, जेव्हा हंबरचे गिऱ्हाईक उभ्या महाराष्ट्रात मिळून तीस होते. काकू एकतिसाव्या. गाव तेव्हा पोट धरून हसलं होतं. म्हशीला फोन घेऊन दिला म्हणाले. पुढे दोन वर्षांत हसणाऱ्यांच्याच गोठ्यात पट्टे आले, आणि पट्टा कसा बांधायचा हे विचारायला तीच माणसं काकूंच्या दारात.

त्या पट्ट्यात घशाची थरथर टिपणारा माइक होता, रवंथ मोजणारा सेन्सर होता, नाडी आणि अंगाचा ताप बघणारा एक तुकडा होता. म्हैस रेकली की आवाज किती उंच गेला, किती टिकला, कुठे कापरा झाला, तोंड उघडं होतं की मिटलेलं, हे सगळं हंबरच्या संगणकाकडे जायचं. संगणकाला म्हशीची भाषा येत होती असं मुळीच नाही. त्याच्याकडे लाखो आवाज होते, आणि प्रत्येक आवाजानंतर दहा मिनिटांत काय घडलं याची नोंद होती. अमुक तऱ्हेनं रेकलेल्या शंभरातल्या नव्वद म्हशी नंतर पाणी प्यायल्या, तर तो सांगायचा, ‘पाणी. नव्वद टक्के.’ बस्स, पुढे एक अक्षर नाही. आणि खात्री साठ टक्क्यांच्या खाली घसरली की सरळ लिहायचा, ‘कळलं नाही.’

खरी गंमत तिथून पुढे. ‘कळलं नाही’ आलं की तो आवाज आपोआप ‘चावडी’वर जायचा. चावडी म्हणजे हंबरवरचं एक पान. तिथे नेवाशापासून भंडाऱ्यापर्यंतची तीन हजार दोनशे माणसं कान टवकारून बसलेली असायची. कुणी म्हणायचं माजावर आलीय, कुणी म्हणायचं खूर दुखतोय, कुणी म्हणायचं शेजारची म्हैस विकली का? दोन दिवसांनी मालक कळवायचा, अमक्याचं खरं निघालं. ते खरं निघालेलं उत्तर यंत्र शिकून घ्यायचं. काकूंची चार हजारांवर उत्तरं चावडीवर खरी ठरली होती. सातवीनंतर शाळा सुटलेल्या बाईला अख्ख्या राज्यातले लोक ‘कवठाळीच्या काकूंना विचारा’ म्हणत, आणि काकूंच्या अंगावर मूठभर मांस चढे.

गुलाबी पडद्यावर चावडी कुठेच नव्हती. काकूंनी वरपासून खालपर्यंत चारदा शोधलं. मग पुण्याला लेकीला फोन लावला.

लेकीला फोन लावायचं कारण साधं होतं. प्रणोती हंबरच्याच कचेरीत कामाला होती. पडदा कसा दिसावा, कुठलं बटण कुठे असावं, हे ठरवणाऱ्या टीमची ती प्रमुख.

“आई! बघितलंस?” प्रणोतीच्या आवाजात दिवाळी होती. “आठ महिने राबलोय गं आम्ही. ब्राझील, हॉलंड, सगळीकडे एकदम गेलंय. आता म्हैस पूर्ण वाक्यात बोलते. तुझ्या भुंगीला बोलतं केलंस का?”

“चावडी कुठं गेली?”

“ती बंद केली. आता तिची गरजच नाही ना. यंत्र सगळंच सांगतं.”

“आणि ‘कळलं न्हाई’?”

“तेच तर काढलं! आई, आम्ही बारा हजार लोकांचा अभ्यास केला. ‘कळलं नाही’ दिसलं की दहातले चार जण ॲप बंद करतात. पैसे मोजून पट्टा घेतलाय, मग कळत का नाही, असं वाटतं लोकांना. त्यांना उत्तर हवं असतं. गोड उत्तर.”

“ज्याला कळत न्हाई त्यानं कळत न्हाई म्हणावं, पोरी. ह्यात लाज कसली?”

मग प्रणोती म्हणाली, “आई, खरं सांगू? तू बदलाला घाबरतेस.”

काकूंनी फोन ठेवला. सगळं गाव हसत असताना पट्टा आणणाऱ्या बाईला हे ऐकायला लागावं, तेही पोटच्या पोरीकडून! त्या दिवशी त्यांनी भाकरी दोनदा करपवली.

काकूंच्या नवऱ्याला, बाळगोंडाकाकांना, मात्र मूमीनं पुरतं वेड लावलं. काका म्हणजे साडेसहा फुटी, पंचाण्णव किलोचा भोळा सांब. पूर्वी गोठ्यात पाऊल टाकायचे ते शेण काढायला. आता मोबाइल घेऊन खाटेवर बसायचे आणि म्हशींशी गप्पा हाणायचे.

“अगं, ऐकलं का?” एकदा ते आतपर्यंत धावत आले. “भुंगी म्हणतीया, ‘बाबा, आज तुम्ही छान दिसताय!’ पस्तीस वर्षांत तू एकदा तरी म्हणालीस का?”

“म्हैस तरी कुठं म्हणतीया? ते पोरीच्या हापिसातलं कोणतरी म्हणतंय.”

“तुला कौतुकच न्हाई कशाचं.”

काकूंनी वाद घातला नाही. मूमी नुसती गोड बोलली असती तर त्यांनी कानाडोळाही केला असता. पण तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात भिंतभर पडदा होता, आणि त्यावर पट्टा बांधलेल्या प्रत्येक जनावराचा एक ठिपका. लाल म्हणजे आत्ता निघा, पिवळा म्हणजे आज जा, हिरवा म्हणजे मजेत. पूर्वी ‘कळलं नाही’ आलं की ठिपका आपोआप पिवळा व्हायचा. आता ‘कळलं नाही’च नाही, मग पिवळा कुठून येणार? काकूंनी ही गोष्ट प्रणोतीच्या कचेरीला लिहून कळवली. उत्तर आलं ते मूमीच्या मदत कक्षाकडून: ‘हाय शालन! तुझं मत आम्हाला खूप मोलाचं वाटतं!’

असे पंधरा दिवस गेले, आणि भुंगीचे दिवस भरले.

भुंगी तिसऱ्या वेताची, भुंग्यासारखी काळीभोर, काकूंनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. तिची आई ती चार दिवसांची असतानाच गेली होती. त्या गुरुवारी उजाडल्यापासून तिचं लक्षण ठीक दिसेना. उठायची, बसायची, वळून पोटाकडे बघायची, मागचा पाय पोटावर झाडायची. कळा येत होत्या, पण रेडकाभोवतीची पाणमोट दिसत नव्हती. नऊच्या सुमाराला ती रेकली आणि मोबाइल किणकिणला: ‘वॉव! बाळाला भेटायला मी खूपच उत्सुक आहे!’

काकांनी आनंदानं घुगऱ्यांसाठी बाजरी भिजत घातली. “खुशीत हाय गं. काळजी करू नगो.”

“गप बसा जरा,” काकू म्हणाल्या आणि डोळे मिटून ऐकू लागल्या.

भुंगी पुन्हा रेकली. तोंड मिटलेलं, आवाज घशात अडकलेला, शेवटाला तुटलेला. वेणांचा आवाज काकूंना पाठ होता. हा तो नव्हता. पण मग कसला? चार हजार उत्तरं खरी ठरलेल्या काकूंना याचं उत्तर येत नव्हतं, आणि हेच त्यांना जास्त भेवडावत होतं.

त्यांनी डॉक्टर यास्मिन नदाफना फोन लावला. बाई कष्टाळू होत्या, पण तालुक्याला दोनच डॉक्टर.

“काकू, भुंगी माझ्याकडे हिरवी दिसतेय,” डॉक्टर म्हणाल्या. मागे जीपचा आवाज. “सात लाल आहेत माझ्यापुढे. चारपर्यंत येते, नक्की.”

“चारपर्यंत ती टिकंल का न्हाई ठावं न्हाई, बाई.”

“काय होतंय सांगा ना नेमकं.”

काय सांगणार? “कळत न्हाई,” काकू म्हणाल्या. डॉक्टरांचा नाइलाज झाला, फोन बंद झाला. पूर्वीचे दिवस असते तर एव्हाना तो आवाज तीन हजार दोनशे कानांत पडला असता. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं की भीतीचं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. त्यांनी नाक शिंकरलं आणि प्रणोतीला फोन लावला. एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्यांदा तिनं उचलला. मागे टाळ्या, संगीत, माइकची खरखर.

“आई, मूमीचा सोहळा चाललाय. दहा मिनिटांत मला स्टेजवर जायचंय.”

“दोन मिनिटं दे. एवढंच ऐक.” काकूंनी मोबाइल भुंगीच्या गळ्याशी धरला. भुंगी रेकली. काकूंनी मोबाइल पुन्हा कानाला लावला. “ऐकलंस? तुझं यंत्र म्हणतंय ती खुशीत हाय. मला सांग, किती टक्के खात्रीनं म्हणतंय?”

“आई, टक्के आता आम्ही दाखवत...”

“दाखवत न्हाई ते ठावं हाय. आत कुठंतरी असतील की न्हाई? बघ.”

पलीकडे बोटांचा टकटकाट ऐकू आला. मग तो थांबला. टाळ्या लांब गेल्या, बहुतेक प्रणोती हॉलच्या बाहेर आली होती.

“आई,” तिचा आवाज उतरला होता. “सात.”

“सात काय?”

“सात टक्के. यंत्राला फक्त दिवस भरलेत एवढं माहीत होतं. बाकीचं वाक्य त्यानं सजवलं. आम्हीच शिकवलंय त्याला, रिकामी जागा ठेवायची नाही म्हणून.”

दुसरी एखादी आई म्हणाली असती, बघ, मी म्हणत नव्हते? काकूंना तेवढी सवड नव्हती. “चावडीवरची माणसं कुठं हाईत?”

“नंबर आहेत अजून. पुसलेले नाहीत.”

“मग घाल साद त्यास्नी.”

“मला तशी परवानगी नाही, आई. सगळ्या राज्याला एकदम जाईल ते.” मागून कुणीतरी हाक मारली, ‘प्रणोती, तुझं नाव पुकारलं!’ “फोन ठेवू नकोस,” प्रणोती म्हणाली, आणि टकटकाट पुन्हा सुरू झाला. या वेळी केवढा तरी जोरात!

काकूंच्या हातातला गुलाबी पडदा लखलखला आणि पांढरा झाला. त्यावर काळी, साधी, जुनी अक्षरं उमटली: ‘कळलं नाही. म्हैस, तिसरं वेत, दिवस भरलेले. कुणाला कळतंय का?’

“गेलं!” प्रणोती ओरडली. “आणि आई, साठच्या खालची सगळी जनावरं मी हिरव्यातून काढलीत. भुंगी एकटी नाहीये. चारशे अकरा आहेत गं! चारशे अकरा!”

पहिलं उत्तर चाळीस सेकंदांत आलं. नेवाशाचे भानुदास विचारत होते, कळा कधीपासून? पाठोपाठ भंडाऱ्याहून रेवाराम: पोट धरलं असेल, तेल पाजा. इंदापूरहून कुणी: तेल नको, आधी चालवून बघा. ‘काकू, तुम्ही होता कुठं?’ ‘चावडी चालू झाली का?’ ‘पुन्हा ऐकवा, पुन्हा ऐकवा!’ मोबाइल हातात थरथरत होता. काकांनी तेलाची बाटली आणलीसुद्धा. तेवढ्यात मंगळवेढ्याच्या इस्माईलचाचांचा आवाज आला. चाचा लिहीत नसत, बोलूनच पाठवत.

“बाई, तेलबिल काय पाजू नगा. गर्भाच्या पिशवीला पीळ पडलाय. माझ्या दोन म्हशी अशाच घशात रेकल्या. पहिलीच्या वक्ताला कळलं न्हाई, गेली बिचारी. मागनं बघा, शेपटीखालची एक कड आत वढल्यावानी दिसती का?”

काकू धावत मागे गेल्या. डावी कड आत ओढलेली होती.

वीस मिनिटांत डॉक्टरांची जीप दारात. चाचांचं ऐकून प्रणोतीनं भुंगीचा ठिपका थेट लाल करून टाकला होता. डॉक्टरांनी कोपरापर्यंत हातमोजा चढवला, तपासलं आणि मान वर केली. “पीळच आहे. उजवा. रेडकू अजून हलतंय, पण वेळ थोडा आहे. लांब फळी हवी, दोरखंड हवेत आणि माणसं हवीत.”

काकूंनी दारात जाऊन अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या आळीतली माणसंही भाकरी टाकून आली. बांधकामावरची दहा फुटी फळी आली. भुंगीला दोरानं हळूच उजव्या कुशीवर पाडलं. उपाय ऐकायला वेडगळ, पण शास्त्र सरळ होतं. आत पिशवी पिळलीय ना? मग फळीच्या दाबानं पिशवी जागच्या जागी धरायची आणि पिळाच्या दिशेनं अख्खी म्हैसच फिरवायची. म्हैस फिरते, पिशवी थांबते आणि पीळ सुटतो.

“फळीवर वजनदार माणूस लागेल,” डॉक्टर म्हणाल्या.

सगळ्या गोठ्यानं एकदम बाळगोंडाकाकांकडे पाहिलं. काकांनी तेलाची बाटली खाली ठेवली. “तिला लागणार तर न्हाई?”

“तुमी लागू देणार न्हाई म्हणून तर तुमाला सांगते,” काकू म्हणाल्या. “चढा!”

काका चढले. सहा जणांनी दोर ओढले, भुंगीचे पाय आभाळाकडे गेले, ती धप्पकन पलीकडच्या कुशीवर आली. डॉक्टरांनी हात घातला. “नाही सुटला. पुन्हा!” पुन्हा उजव्या कुशीवर, पुन्हा फळी, पुन्हा काका, घामानं निथळणारे आणि तोंडानं ‘भुंगे, माझे बाय’ पुटपुटणारे. दुसऱ्यांदाही नाही. खाटेवर ठेवलेल्या मोबाइलमधून चाचांचा आवाज येत होता, “माझीचा तिसऱ्याला सुटला होता, बाई, सोडू नगा!” आणि त्याच फोनमध्ये पुण्याहून प्रणोती श्वास रोखून होती.

तिसऱ्यांदा फळीवर काकांच्या शेजारी काकूही चढल्या. भुंगी फिरली, आणि डॉक्टरांचा हात आत जायच्या आधीच भळ्ळकन पाणमोट फुटली. डॉक्टर न्हाऊन निघाल्या. “सुटला!” त्या ओरडल्या. पुढच्या अर्ध्या तासात पाय आले, नाकपुडी आली, आणि काळंभोर, ओलंचिंब रेडकू गवतावर पडलं. निपचित. काकूंनी त्याच्या नाकातला चिकटा पुसला, पेंढ्यानं छाती खसाखसा चोळली. एक, दोन, तीन... आणि ते शिंकलं!

कवठाळीत त्या सकाळी जो गलका झाला तो यात्रेतल्या कुस्तीलाही झाला नव्हता. बाळगोंडाकाका चक्क रडले.

“रेडी हाय, पोरी,” काकूंनी फोनवर सांगितलं. “आई बी वाचली, लेक बी वाचली.”

पलीकडून आधी नुसते हुंदके आले. मग प्रणोती म्हणाली, “सगळं ठीक आहे इकडे, आई. तू काळजी करू नकोस.”

काकूंनी तो आवाज ऐकला. सात वर्षं कान तयार केले होते ते काय फक्त म्हशींसाठी? “उद्या घरी ये,” त्या म्हणाल्या. “खरवस करते.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं प्रणोती आली. येताना बातमी घेऊन आली. हंबरचे मालक आधी भडकले होते, मग चारशे अकरा गोठ्यांतून फोन आले तेव्हा गार पडले. चारशे अकरांतली एकोणतीस जनावरं खरोखर अडचणीत निघाली होती. चावडी चालू राहणार होती, ठिपके पिवळे होणार होते. नाव मात्र मूमीच राहणार होतं, आणि प्रणोतीची नोकरी राहणार की नाही हे सोमवारी ठरणार होतं.

“नावाचं काय घेऊन बसलीस?” काकू म्हणाल्या, पण ती पापण्यांची गाय त्यांना अजून सहन होत नव्हती, हेही खरं. “आधी रेडी बघ जा.”

प्रणोती गोठ्यात गेली. पुण्याचे बूट शेणात घालून भुंगीच्या अगदी समोर उभी राहिली आणि तिच्या कपाळावरून हात फिरवू लागली. भुंगीनं मान हिसडली आणि रेकली. पुन्हा रेकली. प्रणोतीनं सवयीनं खिशातून मोबाइल काढला. यंत्र म्हणालं, ‘कळलं नाही.’

“आई, काय म्हणतेय गं ही?”

काकू गव्हाणीत वैरण टाकत होत्या. त्यांनी एकदा भुंगीकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि ओठांवर आलेलं उत्तर गिळलं. “मलाच काय विचारतीस? चावडी चालू केलीस न्हवं? विचार की लोकास्नी.”

प्रणोतीनं आयुष्यात पहिल्यांदाच चावडीवर प्रश्न टाकला. सहा सेकंदांचा आवाज, खाली स्वतःचं नाव. मिनिटभर ती पडद्याकडे टक लावून उभी राहिली, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशी. मग मंगळवेढ्याहून चाचांचा आवाज आला.

“पोरी, तिला तिचं लेकरू दिसंना झालंय. मधी कुणीतरी उभं हाय बघ. जे कोण हाय त्याला म्हणावं, जरा बाजूला व्हा.”

प्रणोतीनं मागे वळून पाहिलं. बरोबर तिच्या पाठीशी, गवतावर, कालची ती काळीभोर रेडी थरथरत्या पायांवर उभी राहायला बघत होती.

प्रणोती बाजूला झाली.